बंजरकाठचा पंचनामा

१९६१ सालच्या जुलै महिन्यात पानशेतचे धरण फुटून माझ्या सासुरवाडीच्या पुण्यातल्या वाड्याची मातीची भिंत मुठेत विरघळून गेली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मी आमच्या कुटुंबापुढे नदीकाठचे एक जुने घर विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. यावरून प्रसंगावधान नावाचा गुण माझ्या ठायी कितपत वसत आहे याची वाचकांस कल्पना यावी.

वास्तविक हे वेड जुने होते. नागपूरच्या सचिवालयात मी कारकून असताना साहेबांच्या दौऱ्याबरोबर फायलींच्या पेट्या सांभाळीत बालाघाट जिल्ह्यातल्या बैहर तहसिलीत गेलो होतो, आणि तेथे कसब्यापासून काही मैलांवर, बंजर नदीच्या अगदी काठी, छुईमातीने पांढरा केलेला, लाल कवेलूंचा, सालाच्या खांबांवर पुढची ओसरी तोलून धरणारा एक मालगुजाराचा वाडा माझ्या दृष्टीस पडला होता. साहेब त्या वेळी लगानाची थकबाकी तपासत होते आणि मी ओसरीच्या पायरीवर बसून नदी तपासत होतो. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला प्रांताची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली, भंडारा मुंबई राज्यात आला आणि त्याच्या कुशीला लागून असलेला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. माझे निम्मे सहकारी भोपाळला व निम्मे मुंबईला रवाना झाले आणि मी पेन्शनीत निघालो. परंतु ज्या प्रांताची मी तीस वर्षे नक्कल-बारनिशी केली तो प्रांत नकाशावरून नाहीसा झाला असला तरी तो वाडा जागच्या जागी आहे, ही जाणीव मला एखाद्या खाजगी ठेवीसारखी सुखवीत असे. तशात तो वाडा विकाऊ असल्याचे कळले. मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून खालसा झाली होती; वाड्याचे उत्पन्न सरकारजमा झाले, खोल्या मात्र मालकाकडेच राहिल्या, आणि प्रत्येक पावसाळ्यात त्या खोल्या काही ना काही मागत राहिल्या.

"घ्या ना," कुटुंब म्हणाले. "पण आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. पुण्याच्या वाड्यालाही सगळे भक्कमच म्हणत होते."

या अटीत वावगे असे काहीच नव्हते, आणि म्हणूनच ती मला झोंबली. घर तपासून घेणाऱ्या माणसाला तपासणी नको असते, त्याला रुकार हवा असतो. मुलगी पाहून झाली, नाक आवडले, आवाज आवडला, हातचे पोहे आवडले, आणि मग पत्रिका जुळते का ते पाहण्यासाठी ज्योतिषीबुवांकडे जावे, त्यातलाच हा प्रकार. छत्तीसांपैकी अकरा गुण जुळतात असे बुवांनी सांगितले तर दुसरा ज्योतिषी शोधायचा असतो, दुसरी मुलगी नव्हे. माझ्या दुर्दैवाने कुटुंबाने ज्योतिषी स्वतःच निवडला. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसीयर आमच्या आळीत राहत असत, आणि त्यांच्याविषयी अशी ख्याती होती की स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या मांडवात त्यांनी मंगलाष्टके थांबवून एक खांब सरळ करवून घेतला होता. फी पन्नास रुपये, जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन्ही वेळचे निर्लसूण जेवण अशा बोलीवर ते निघाले.

गोंदियापर्यंत मोठी गाडी, तेथून बालाघाटपर्यंत अडीच फुटी रुळांवरची ती सातपुड्याची छोटी गाडी, आणि पुढे उकव्याच्या मँगनीजच्या खाणीवरून घाट चढून बैहरला जाणारी मोटार, असा आमचा प्रवास झाला. घाट चढताना ओव्हरसीयरसाहेबांनी आम्हांस तेथल्या भूगोलाचे एक मर्म समजावून दिले. घाटाखाली पडलेला पाऊस वैनगंगेला मिळतो, तेथून प्राणहितेवाटे गोदावरीत जातो आणि राजमहेंद्रीवरून पूर्वसमुद्राला पोहोचतो. घाटावरच्या बैहरच्या पठारावर पडलेला पाऊस मात्र बंजरमध्ये उतरतो, बंजर मंडल्यापाशी नर्मदेला मिळते आणि ते पाणी भडोचवरून पश्चिमसमुद्रास जाते. एकाच जिल्ह्याने दोन समुद्रांशी असे सलोख्याचे संबंध राखावेत याचे मला कौतुक वाटले आणि मी ते बोलून दाखवले.

"म्हणजे पुरात वाहून गेलो तर राजमहेंद्रीला निघायचं की भडोचला," कुटुंब म्हणाले, "एवढं तरी आधी कळलं."

मालगुजारसाहेबांनी आमचे स्वागत मोठ्या अदबीने केले. ते सत्तरीच्या घरातले गृहस्थ होते आणि मराठी, हिंदी व पवारी या तिन्ही भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदवीत. घर दाखवायला ते उठले तोच ओव्हरसीयरसाहेबांनी कोट काढून खुंटीला लावला, खुंटी हलते असे पाहून तो परत अंगात घातला, आणि वहीत पहिली नोंद केली.

येथे मला, विषयांतराचा दोष पत्करून, एका थोर मोजणीदाराचे स्मरण होते. कर्नल लॅम्बटन या इंग्रजाने १८०२ साली मद्रासेकडून या देशाची त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली आणि अर्ध्या टनाचे एक कोनमापक यंत्र डोंगरांवर, गोपुरांवर चढवीत, पृथ्वीची वक्रता इंचाइंचाने हुडकीत तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ च्या जानेवारीत आमच्या वऱ्हाडाच्या वेशीवर, हिंगणघाटास त्याचा देह पडला आणि तेथेच त्याची कबर आहे. वीस वर्षे त्या मनुष्याने सबंध पृथ्वीचा बाक काढला. परंतु त्या सगळ्या काळात त्याला एखादे राहते घर विकत घ्यावयाचे नव्हते, हे त्याचे केवढे भाग्य! पृथ्वी वाकडी निघाली तरी तिचा विसार बुडत नाही.

ओव्हरसीयरसाहेबांपाशी कोनमापक नव्हते. एक ओळंबा, एक पाणसळ, एक टोच्या, कापडी टेप आणि मालगुजारसाहेबांच्या नातवाकडून उसनी घेतलेली एक काचेची गोटी एवढ्याच सामग्रीवर त्यांनी त्या वाड्याची अब्रू दोन दिवसांत चव्हाट्यावर आणली. गोटी त्यांनी देवघराच्या उंबऱ्याशी ठेवून सोडली. ती क्षणभर विचारात पडली, मग माजघर ओलांडून, ओसरीवरून, कोणाचीही भीड न धरता थेट नदीच्या दिशेने निघाली आणि पायरीवरून उडी घेऊन दिसेनाशी झाली. नातवाने भोकाड पसरले. "घर कुठे चाललंय ते गोटीला ठाऊक आहे," ओव्हरसीयरसाहेब म्हणाले, आणि त्यांनी दुसरी गोटी मागितली.

तुळया सालाच्या होत्या. सालाचे लाकूड शंभर वर्षे उभे राहते आणि शंभर वर्षे आडवे राहूनही सडत नाही, असे तिकडे म्हणतात, आणि मालगुजारसाहेबांनी ते अभिमानाने सांगितले. "सदर तुळई यांपैकी कोणत्या शतकात आहे?" असे विचारीत ओव्हरसीयरसाहेब शिडीवर चढले. मधल्या भागात टोच्या दाणकन परतला, परंतु भिंतीत शिरलेल्या टोकाशी तो मुठीपर्यंत आत गेला आणि मातीचा एक बारीक ओघ खाली आला. वाळवीने तुळईचे टोक खाऊन तिच्या जागी तंतोतंत तुळईच्या आकाराची माती भरून ठेवली होती; एवढा प्रामाणिक भाडेकरू मी नागपुरात पाहिला नव्हता.

भिंतींच्या तड्यांविषयी मात्र त्यांनी जे सांगितले ते मी आदराने ऐकले, कारण त्यात दोष कोणाचाच नव्हता. वाड्याचा नदीकडील कोपरा काळ्या चिकण मातीवर होता. तिला तिकडे कन्हार म्हणतात. शेजारच्या कान्हाच्या जंगलाचे नावही तिच्यावरूनच पडले असे सांगतात. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून भेगाळते, तिच्याबरोबर पाया वर्षातून एकदा उचलला जातो व एकदा बसतो, आणि भिंतीचा तडा जर वर रुंद व खाली निमुळता असेल तर तो कोपरा बाहेरच्या अंगाला खचत आहे असे समजावे. तडा अजून चालू आहे की पूर्वीच थांबला आहे हे केवळ पाहून सांगता येत नाही. म्हणून त्यांनी काचेची एक अरुंद पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोके चुन्यात पक्की बसवली आणि काचेवर रंगाने त्या दिवसाची तारीख घातली. भिंत तसूभर जरी हलली तर काच तडकेल. न तडकल्यास तडा जुना. न्यायदानाची इतकी स्वस्त व इतकी निःपक्षपाती पद्धत आमच्या सचिवालयात कधी सुरू झाली नाही.

राहता राहिली नदी. पाणी कुठवर येते, असा सवाल केला तेव्हा मालगुजारसाहेब दुखावले. "बंजर आमच्या घरची आहे साहेब, ती अशी वागायची नाही," असे ते म्हणाले. ओव्हरसीयरसाहेबांनी वाद न घालता अंगणातल्या म्हाताऱ्या गोंड गड्याला तेच विचारले. तो काहीच बोलला नाही. काठावरच्या साजाच्या झाडाकडे गेला, आणि वरच्या बेचक्यात अडकलेले वाळके गवत, काड्या आणि कसलीशी चिंधी त्याने काठीने दाखवली. साज, म्हणजे आपला ऐन, हे गोंडांचे देवाचे झाड. त्याच्यापाशी खोटी साक्ष कोण देणार? पाणसळीने पाहता ती चिंधी ओसरीच्या जोत्याहून सव्वा हात उंच भरली. कुटुंबाने माझ्याकडे पाहिले नाही, आणि ते मला पाहण्यापेक्षा जड गेले.

कागदपत्रांची बाजू आमच्या वकील मेहुण्यांनी आधीच हाती घेतली होती. त्यांना एकच धास्ती होती, ती अशी की जमीन मुळात एखाद्या गोंडाची अथवा बैगाची असेल तर १९५९ च्या भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ अन्वये कलेक्टरांच्या परवानगीवाचून ती आमच्यासारख्यास घेता यावयाची नाही, आणि घेता येऊही नये. तसे काही निघाले नाही. निघाले ते निराळेच. पटवाऱ्याने जुन्या बंदोबस्ताचा नकाशा उलगडला तेव्हा वाड्याच्या पूर्वेस बाग, बागेपलीकडे वहिवाटीची गाडीवाट, गाडीवाटेपलीकडे दोन शेते आणि त्यांच्याही पलीकडे नदी दाखवलेली होती. शेते, वाट आणि बाग यांचा कब्जा नदीने गेल्या साठसत्तर वर्षांत कोणासही नोटीस न देता घेतला होता, आणि याबाबत कसलाही फेरफार मंजूर झाल्याची नोंद दप्तरात नव्हती. खरेदीखतात चतुःसीमा लिहावयाची झाल्यास पूर्वेस कोण लिहावे, असे मी पटवाऱ्यास विचारले. तो म्हणाला, "साल कोणतं टाकायचं, त्यावर आहे."

पंधरा दिवसांनी अहवाल आला. त्याची एकेचाळीस कलमे होती. कलम ९ मध्ये कवेलू दरसाल फेरावे लागतील असे म्हटले होते, आणि खर्चाच्या रकान्यात "आमरण" एवढाच शब्द होता. कलम १७ मध्ये भिंतीला हातभर उंचीपर्यंत लोणा लागल्याचे नमूद होते. कलम २६ असे होते की, पश्चिमेकडील खोलीत रात्री जे चालते ते उंदीर असावेत, परंतु खात्री करण्याइतपत सदरहू तपासणीस तेथे थांबला नाही. शेवटल्या कलमात दुरुस्तीचा अंदाज होता, आणि तो घराच्या किमतीहून पावणेदोनशे रुपयांनी अधिक होता. कुटुंबाने तो अहवाल मोठ्याने, स्वच्छ उच्चारात, शेजारी ऐकू जाईल असा वाचला. मी विसाराचे एकशे एक रुपये आधीच देऊन बसलो होतो. तो अहवालाच्या कोणत्याही कलमात न आलेला दोष होता.

आता व्यवहार मोडावयाचा तर कारण कळवणे रीतीला धरून होईल, म्हणून मी अहवालाची एक नक्कल मालगुजारसाहेबांस पाठवली. इतकी वर्षे सरकारी पत्रव्यवहार केलेल्या माणसाला नकलेचे परिणाम ठाऊक असावयास हवे होते. मालगुजारसाहेबांनी ती गावच्या गुरुजींकडून हिंदीत वाचवून घेतली. एका बैठकीत नव्हे, तर रोज तिन्हीसांजेला ओसरीवर कंदील लावून, पोथी लावावी तशी, दोन-दोन कलमे. आपल्या वाड्याकडे कोणी एवढ्या बारकाईने पाहिले आहे हे त्यांना आयुष्यात प्रथमच कळत होते. एकेचाळिसावे कलम संपले त्या दिवशी त्यांनी, मला पुढे कळले त्याप्रमाणे, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीला हात घातला. तुळयांची टोके कापून दगडी घोड्यांवर टेकवली, नदीकडच्या कोपऱ्याला दगडाचा धिरा दिला, पावसाचे पाणी पायापासून दूर नेणारी नाली खणली. लाकूड त्यांचे, गडी त्यांचे, दगड नदीचा. अंदाजपत्रकाच्या पाव खर्चात काम झाले, असे कळवून त्यांनी शेवटी लिहिले होते की, आता घर विकण्याजोगे झाले आहे, सबब ते विकण्याचा विचार रहित केला आहे. सोबत विसाराची मनीऑर्डर, आणि मागाहून बालाघाटच्या मोटारीवरून चिन्नोर तांदळाचे एक पोते.

अशा रीतीने पन्नास रुपये फी व तिघांचे भाडे भरून मी दुसऱ्याचे घर दुरुस्त करवले. कुटुंब या गोष्टीला आपल्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी व्यवहार समजते, आणि चिन्नोरचा भात वाढताना तसे बोलूनही दाखवते.

दरवर्षी पावसाळा सरला की मालगुजारसाहेबांचे एक कार्ड येते. यंदाचे भाद्रपदात आले. त्यात मजकूर असा होता : "काच शाबूत आहे. बंजर दुसऱ्या पायरीपर्यंत आली, पाहून परत गेली. काचेवर फार धूळ बसली आहे, तरी ती पुसलेली चालेल काय, हे ओव्हरसीयरसाहेबांस विचारून कळवावे."

मी कार्ड घेऊन आळीत गेलो. ओव्हरसीयरसाहेबांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला, आणि बराच विचार करून म्हणाले, "काच पुसावी. तारीख पुसू नये."