अर्धवट ब्लाउजची बाजू

हौसेनं घरी शिवणकाम करणाऱ्यांवर एक आरोप कायमचा असतो: हातातलं एक धड संपत नाही, तोवर दुसरं काढून बसता. आरोप करणाऱ्यांपैकी निम्म्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, पण तेवढ्यावरून तो फेटाळता येत नाही. पुरावा घरभर पसरलेला असतो. मशीनशेजारी अस्तर लावलेला पण हुकांविना ब्लाउज, खुर्चीच्या पाठीवर एकाच बाहीचा कुर्ता, पलंगाखालच्या पिशवीत बेतून ठेवलेला परकर. हे सगळं मान्य करूनही माझं म्हणणं असं, की चार कामं एकदम उघडी ठेवणं हीच घरगुती शिवणाची शहाणी पद्धत आहे. त्यात दोष असलाच, तर तो शिवणारीच्या आळसाचा नाही, पॅटर्नचा आहे.

चांगलं चालणारं कुठलंही टेलरचं दुकान पाहा. तिथे एक ब्लाउज अथपासून इतिपर्यंत शिवून मग दुसऱ्याला हात लावला जात नाही. एकदा कात्री हातात घेतली की आठ-दहा ब्लाउज बेतून होतात आणि प्रत्येकाची गुंडाळी मापाच्या चिठ्ठीसकट फळीवर जाते. मग एका रंगाच्या दोऱ्यात जेवढं बसतं तेवढं सलग शिवायचं, कारण दोरा बदलायचा म्हणजे बॉबिनही बदलायची. हुक, काज, हातशिलाई हे तर बऱ्याचदा दुकानाबाहेर, दुसऱ्याच कुणाच्या घरी होतं. याला तिथे धंदा म्हणतात आणि घरी पसारा. यावर कुणी म्हणेल, टेलर शेवटी काम पुरं करून देतो. देतो खरा, पण ऐन लग्नसराईत बिलावरच्या तारखेला ब्लाउज आणायला गेलेल्यांनी हा मुद्दा न काढलेला बरा.

दुसरा आक्षेप मशीनच्या नावानं येतो. मशीन आहे ना, मग तासाभराचं काम! या समजाला जुना आधार आहे. अमेरिकेत १८६० च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन कंपनीनं आकडे काढले होते: हातानं पुरुषाचा सदरा शिवायला सुमारे साडेचौदा तास, मशीनवर सव्वा तास. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण ते शिलाईचे आहेत. मशीनला सरळ रेघ मारता येते. ती कुठे मारायची, हे तिला कळत नाही. हौशी शिवणारीचे बाकीचे तेरा तास त्या ‘कुठे’त जातात.

आणि ते ‘कुठे’ सांगण्याचं काम पॅटर्नकडे असतं. एबेनेझर बटरिक या अमेरिकन शिंप्यानं १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले, तेव्हापासून माणसाचं शरीर आकड्यात बसतं अशी एक गोड समजूत चालत आली आहे. आपल्याकडे तिचं रूप म्हणजे सूत्र: छातीचा चौथा भाग घ्या, त्यात अमुक मिळवा, मुंड्यासाठी तमुक वजा करा. दोन पुस्तकांतली सूत्रं जुळत नाहीत, ते सोडा. छाती ३६ इंच असलेल्या दोघींपैकी एकीचे इंच पाठीत असतात आणि दुसरीचे पुढे; सूत्र दोघींना एकच कागद देतं. मग टक्स भलतीकडेच टोक काढतात आणि गळा वाकलं की पुढे येतो. कापडाची गंमत निराळीच. पॅटर्न रुंद पन्हा गृहीत धरतो आणि आपण समोर ठेवतो अरुंद पन्ह्याचा खण, ज्याचे काठ बाहीवर यायलाच हवेत. तिथे कागद आडवा-उभा फिरवण्यातच संध्याकाळ होते.

बाहीबद्दल तर स्वतंत्र तक्रार नोंदवावी लागेल. कागदावर लिहिलेलं असतं फक्त ‘बाही जोडा’. प्रत्यक्षात बाहीच्या माथ्याची गोलाई मुंड्यापेक्षा इंचभर जास्त असते, आणि ती मुद्दामच ठेवलेली असते, कारण खांदा गोल असतो. ते जास्तीचं कापड एकही चुणी न दिसू देता मुंड्यात जिरवायचं असतं. त्यासाठी कडेनं सैल धावदोरे घालायचे, दोरा हलके ओढायचा, टाचण्या लावायच्या, बोटांनी कापड सरकवत राहायचं. शिवाय बाहीची पुढची बाजू मागच्यापेक्षा खोल कोरलेली असते. एकपदरी कापडावर तोच कागद न उलटता दोनदा ठेवला, की दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होतात. एवढं सगळं दोन शब्दांत उरकणाऱ्या पॅटर्नला संक्षिप्त म्हणावं की निर्दय?

तर मग निदान एकाच अडचणीशी झुंजा, असं समजूतदार लोक सुचवतात. अडचण अशी, की प्रत्येक काम वेगळ्या जागी अडतं आणि त्याची चावी शिवणारीच्या हातात नसते. पाठीचं माप घ्यायला दुसरं माणूस लागतं, काळ्यावर काळा दोरा शिवायला दिवसाचा उजेड लागतो, जुळत्या रंगाचं अस्तर नेमकं दुकानात संपलेलं असतं. बाही उसवायला तर नुसता धीर लागतो, आणि तो बाजारात मिळत नाही. तोवर परकराचा नेफा घालून होतो. हां, एवढ्यात नवं कापड आणण्याचं समर्थन मात्र मीही करणार नाही. सेलमधली कापडं हा निराळा आजार आहे.

सगळ्यांत जड आक्षेप शरीराचा. ब्लाउज दोन वर्षं पिशवीत राहतो आणि अंग काही थांबत नाही. पण ही सोय शिंप्यांनी केव्हाच करून ठेवली आहे: बाजूच्या शिवणीत दीड-दोन इंच माया ठेवायची आणि पाव-पाव इंचावर तीन शिवणी मारायच्या, म्हणजे वेळ आली की आतली एक उसवता येते. तिन्ही उसवाव्या लागल्या, तर ब्लाउज बहिणीला. मुलांच्या कपड्यांना मात्र ही माया पुरत नाही. पहिल्या वाढदिवसाचं झबलं तिसऱ्याला तयार झालं, तर शेजारीपाजारी बारसं कुणाकडे आहे याची चौकशी सुरू करावी.