पियानोला कूलर सोसत नाही

कीबोर्डला ‘पियानोची स्वस्त नक्कल’ म्हणून हिणवणारी मंडळी छत्रपती संभाजीनगरात संख्येने थोडी असली, तरी आवाजाने भरपूर आहेत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तशाच, ऐट तशीच, पण आत ना तार ना हातोडी, सगळा आवाज उसना, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरं आहे, फक्त ज्याच्यावर आरोप ठेवलाय तो माणूस दुसराच आहे. आपल्याकडचा कीबोर्ड पियानोच्या घराण्यातला नाहीच, तो पेटीच्या गादीवर बसलेला आहे. त्याच्यात पियानो शोधणं म्हणजे नानखलियाच्या पातेल्यात पुरण शोधणं.

मुळात पियानो या गावात नांदायचा कसा? साधा उभा पियानोसुद्धा दोनशे किलोंच्या आसपास भरतो. सिडकोत एन-७च्या ज्या जिन्यात सोफा अडकल्यावर अख्खी बिल्डिंग सल्ले द्यायला गोळा होते, तिथून हा तिसऱ्या मजल्यावर चढवायचा. चढलाच, तर पुढे हवामान आहे. पियानोच्या तारा सव्वादोनशेच्या घरात, त्यांचा एकूण ताण अठरा-वीस टन. तो पेलायला बिडाची चौकट असते, पण आवाज मोठा करण्याचं काम मागची लाकडी फळी करते, आणि ही फळी फार नाजूक प्रकृतीची. हवेत ओल वाढली की फुगते, हवा सुकली की आकसते, आणि तिच्याबरोबर सूरही चढतो-उतरतो. तिला बारा महिने एकसारखी, बेताची ओल हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा ठणठणीत कोरडी, आणि अकरा वाजता घरोघरी कूलर सुरू होतो. म्हणजे फळीने सकाळी राजस्थानात उठायचं आणि दुपारी कोकणात वामकुक्षी घ्यायची. यावर पियानोच्या पोटात पाण्याचं उपकरण बसवण्याचा उपाय असतो म्हणे. ज्या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी आलं हा गप्पांचा कायमचा विषय आहे, तिथे कूलरच्या आधी पियानोला पाणी पाजणारा संगीतप्रेमी मला दाखवा, मी त्याचा सत्कार एकनाथ रंगमंदिरात घडवून आणतो.

तेव्हा पियानो राहू द्या, पेटीकडे या. आपल्याकडे वादकाला पहिला प्रश्न पडतो तो ‘पट्टी कुठली?’ हा. एका गायकाची काळी एक, दुसऱ्याची पांढरी चार, गायिकेची काळी पाच. पेटीवाल्यांनी यावर स्केल चेंजर काढला. पट्ट्यांचा अख्खा पाटच सरकवायचा, बोटं जागच्या जागी. कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण हा त्याच स्केल चेंजरचा विजेवर चालणारा मुलगा. पियानोवाल्यांना ही सोय कमीपणाची वाटते. पण अमेरिकेचा मोठा गीतकार इरविंग बर्लिन जन्मभर बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच वाजवत राहिला, आणि त्यानेही दांडा फिरवून पट्टी बदलणारा खास पियानो बाळगला होता. त्याचं काही अडलं नाही. दुसरा पुरावा मींडेचा. पेटीतून मींड निघत नाही, सुरांच्या मधल्या जागा सापडत नाहीत, म्हणून रेडिओने १९४० साली पेटीला दारातून हाकललं ते थेट १९७१ पर्यंत. मधल्या काळात जालन्याकडचे अप्पा जळगावकर पेटीवर मैफली रंगवत होते, हा भाग वेगळा. आता कीबोर्डच्या डाव्या हाताला जे चाक असतं ते बघा. शहनाईचा टोन लावून ते अंगठ्याने हलकेच ढकललं की सूर घसरत, लोळत दुसऱ्या सुरापर्यंत जातो. ही तक्रार पियानोवरही करता आली असती, पण सोसली पेटीने आणि उत्तर दिलं तिच्या वारसाने. वारस याहून वेगळं काय करतो?

यावर खरा आक्षेप येतो तो स्पर्शाचा, आणि तो मी हसून टाळणार नाही. साध्या कीबोर्डच्या पट्टीखाली रबराची टोपी असते, तिच्यात दोन संपर्क. पहिला लागला आणि दुसरा लागला, यांत किती वेळ गेला एवढंच यंत्र मोजतं आणि त्यावरून जोर ठरवतं. १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत या जोराच्या १२७ पायऱ्या आहेत. माणसाच्या भावनेला १२७ पायऱ्या, असं म्हणून पियानोवाले नाक मुरडतात. पण पियानोत तरी काय होतं? तारेपासून दोनेक मिलिमीटरवर असताना हातोडी पट्टीपासून सुटते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने कापते. तेव्हा बोटात कितीही करुण रस दाटला असला, तरी तारेपर्यंत मुख्यतः वेगच पोचतो. कीबोर्ड तोच मोजतो, जरा कारकुनी पद्धतीने. मात्र पायाखालचा पेडल दाबल्यावर न वाजवलेल्या ताराही शेजारधर्म म्हणून गुणगुणू लागतात, त्या गुंजनापुढे पंधरा-वीस हजारांचा कीबोर्ड हात टेकतो, हे कबूल. आता गुलमंडीच्या मांडवात, शेजारी ढोल चालू असताना, ते गुंजन कुणाच्या कानी पडणार, हा प्रश्न मी सभ्यपणे सोडून देतो.

एक आक्षेप मात्र कुणी घेत नाही, म्हणून मीच घेतो. साधा पियानो पट्टी विसरत नाही, कारण त्याला ती बदलताच येत नाही. कीबोर्डवाल्याने काळी एकच्या गाण्यासाठी ट्रान्सपोज एकाने चढवलेला असतो. टाळ्यांच्या गडबडीत तो तसाच राहतो, पुढची गायिका भावगीताला हात घालते आणि वाद्यवृंद तिच्या पट्टीत, कीबोर्ड अर्धा सूर वर. अशा वेळी गायिका मागे वळून बघते, तबलजी खाली बघतो, आणि कीबोर्डवाला साउंडवाल्याकडे रागाने बघतो.