सवय लावून घेण्याची शास्त्रोक्त पद्धत (मुरुड व पंचक्रोशीपुरती)

प्रारंभी एक खुलासा. ही मार्गदर्शिका लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसाठी आहे. रायगडातलं मुरुड आणि दापोलीजवळचं मुरुड ही दोन्ही समुद्राकाठची गावं. तिथल्या माणसाला चालायला वाळू आणि छातीत भरून घ्यायला वारा फुकट मिळतो, त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही. 'तुमच्याकडे बीचजवळ खोली मिळेल का?' असं विचारणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांना आमचं एकच सांगणं असतं : या, पण येताना पाणी घेऊन या.

आता विषय. शरीराला झेपतील आणि पृथ्वीलाही परवडतील अशा रोजच्या सवयी कशा लावाव्यात, यावर बाजारात पुष्कळ पुस्तकं आहेत. माणूस स्वतःच्या इच्छेनं सुधारू शकतो, असं ती सगळी गृहीत धरतात. मुरुडात हे गृहीत टिकत नाही. इथे धडधाकट माणूस आपणहून काही चांगलं करायला लागला की गाव त्याला काहीतरी झालंय असं धरून चालतं. सायकलवर दिसलात की 'गाडी इकली का?' बिनसाखरेचा चहा मागितला की 'शुगर निघाली का काय?' पाहुण्याला भाकरी वाढली की तो घरी जाऊन सांगतो, त्यांचं यंदा जरा ओढाताणीचं दिसतंय. म्हणून नियम पहिला : सवय निवडण्याआधी कारण निवडावं. गावाला मान्य असलेली कारणं तीनच आहेत : दुष्काळ, डॉक्टर आणि देव. यांपैकी एकाची तरी शिफारस असल्याशिवाय साधकानं कुठल्याही सवयीच्या नादी लागू नये.

डॉक्टरच्या खात्यातली सर्वांत सोपी सवय म्हणजे चालणं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. यात थांबण्याची मिनिटं धरलेली नाहीत, आणि मुरुडात चालणं म्हणजे मुख्यतः थांबणंच. घरातून निघून रस्त्याला लागेपर्यंत पाच जण विचारतात, 'काय वो, डॉक्टरनं सांगितलं का?' इथे साधकानं खरं बोलू नये. 'नाही, सहजच' हे उत्तर ऐकून लोकांना काळजी वाटते, आणि संध्याकाळपर्यंत घरी विचारपूस करायला माणसं येतात. 'हो, थोडं बीपी आहे' म्हणावं. समोरचा आपलं बीपी सांगतो, गोळीचं नाव सांगतो, आणि दोघंही समाधानानं पुढे जातात.

रस्त्याची निवड महत्त्वाची. गाळपाच्या हंगामात मोठ्या रस्त्यानं चालू नये. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, त्यावर पूर्ण आवाजात गाणं, आणि ट्रॉलीला मागे दिवा नाही, अशा परिस्थितीत हृदयाची गती वाढते खरी, पण डॉक्टरांना अभिप्रेत असलेली ती नव्हे. शेताकडच्या पांदीनं जावं. मात्र हातात पाण्याची बाटली ठेवू नये. शहरातले लोक व्यायामाला जाताना बाटली नेतात ते शहरात शोभतं. आपल्याकडे हागणदारीमुक्तीच्या काळात पहाटे पांदीत उभी राहणारी गुड मॉर्निंग पथकं लोक अजून विसरलेले नाहीत. पहाटेच्या अंधारात, पांदीला, हातात पाणी घेऊन निघालेला माणूस नेमका कोणत्या आरोग्यासाठी चाललाय, हे भेटणाऱ्यांना पटवून देता देताच १५० मिनिटं भरतात.

चालून आल्यावर चहा. इथून मार्गदर्शिका थोडी गणिताकडे वळते, साधकानं घाबरू नये.

उसापासून एक किलो साखर व्हायला साधारण दोन हजार लिटर पाणी लागतं. कपात दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर पडली, की झालं वीस लिटर. लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात थंड पाण्याचा जो जार ठेवतात तो बरोबर वीस लिटरचा. म्हणजे 'घोटभर घ्या हो' म्हणून आपण जो चहा पुढे करतो, त्याच्या तळाशी अख्खा जार विरघळलेला असतो. मुरुडात दिवसभरात चार घरी जाऊन आलेला माणूस चार जार पिऊन येतो आणि वर तक्रार करतो, की नळाला आठ दिवस पाणी नाही. (तो जारही साधा नाही. एक जार शुद्ध करताना तेवढंच, कधी त्याहून जास्त पाणी नालीला जातं. ते या हिशोबात धरलेलं नाही. गणित आवरतं ठेवलं आहे.)

तेव्हा साखर कमी करणं ही एकाच चमच्यात पोट आणि पाणी दोन्ही वाचवणारी सवय आहे. ती लावायची पद्धत अशी. 'मला बिनसाखरेचा' असं एकदम म्हणू नये. स्वयंपाकघरातून काकू बाहेर येतात, तुमच्याकडे बघतात, आणि 'एवढ्या कमी वयात?' म्हणून डोळ्याला पदर लावतात. आधी 'अर्धाच' म्हणावं. अर्ध्या कपात पूर्ण कपाची साखर येते, कारण कमी दिल्याची भरपाई गोडीनं करण्याची आपली रीत आहे. मग 'साखर कमी' म्हणावं. कमी म्हणजे वर हिशोबात धरलेले दोन चमचे, कारण एरवी तीन असतात. एवढं होऊनही साधकाचा निर्धार टिकला, तर सरळ लॅबचा रिपोर्ट खिशात ठेवावा. रिपोर्ट नॉर्मल असला तरी चालतं, घडी उघडून कुणी वाचत नाही.

ऊस लावू नये, असं ही मार्गदर्शिका कुठेही म्हणत नाही. लेखकाला गावातच राहायचं आहे.

आता दुष्काळाचं खातं. पर्यावरणाला धरून राहण्याच्या बाबतीत मराठवाड्याइतकी झटपट प्रगती जगात क्वचितच कुणी केली असेल. २०१६ चा उन्हाळा आठवावा. मांजरा धरण कोरडं पडलं. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचा आदेश निघाला. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद असं करत, आपल्या मुरुडवरून ती लातूरला गेली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी बघायला रुळाकडेला उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली होती. (वरचं गणित लावलं तर त्या गाडीत पंचवीस हजार कप चहाची साखर होती. मुरुडएवढ्या गावाला एका सकाळी हे जड नाही.)

त्या चार महिन्यांत घरोघरी ज्या सवयी लागल्या त्या लावायला जपानमध्ये पिढ्या गेल्या असतील. माणसं घमेल्यात उभी राहून तांब्यानं अंघोळ करत. ते पाणी धुण्याला, धुण्याचं फरशीला, फरशीचं कढीपत्त्याच्या झाडाला. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसली जात. रात्रीचं पाणी सकाळी शिळं म्हणून ओतून देणाऱ्या बायांना ते शिळं पाणी अचानक ताजं वाटू लागलं. पाहुणे उठायच्या आत पेल्यातलं उरलेलं पाणी परत हंड्यात जाई. हे सगळं कुठल्याही शिबिराशिवाय, डायरीशिवाय आणि मोबाइलवर आठवण लावल्याशिवाय झालं.

मग त्याच वर्षी पाऊस झाला आणि मांजरा भरलं. इथे नियम दुसरा लागू होतो : दुष्काळाच्या खात्यातली सवय धरणाच्या पाणीपातळीशी बांधलेली असते. पातळी वाढली की सवय बुडते. पुढच्याच उन्हाळ्यात दारात पाइप लावून गाड्या धुणं सुरू झालं, आणि भरल्या टाकीवरून पाणी सांडत असताना 'बंद करा की वो' म्हणणाऱ्याला 'तुमचा बोर आटला का?' असं विचारणंही. ज्यांना पाणी वाचवण्याची सवय चांगल्या वर्षीही टिकवायची असेल त्यांनी बोर आटल्याची अफवा स्वतःच पसरवावी. लोक सहानुभूतीनं बघतात. दोन हंडे आणूनही देतात, ते मात्र परत करावेत.

झाडं लावण्याच्या सवयीबद्दल फार लिहीत नाही. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही, त्यामुळे या सवयीला वाव पुष्कळ आहे. राज्य सरकारनं २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं. तेहतीस कोटींवर आल्यावर थांबले, कारण तेवढे देवही आहेत आणि झाडांसारखेच ते प्रत्यक्षात कुणी मोजलेले नाहीत.

कापडी पिशवीची सवय मात्र सविस्तर. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली. बंदीचा प्रचार करायला गावोगाव पिशवी वाटपाचे कार्यक्रम झाले. कार्यक्रमाचा फ्लेक्स वीस बाय दहाचा होता आणि तो प्लास्टिकचा होता. वाटलेल्या पिशव्या घरी दाराआडच्या खिळ्याला एका मोठ्या पिशवीत गोळा करून ठेवल्या गेल्या, आणि बाजारात मेथी अजूनही पातळ कॅरीबॅगमधूनच येते. पण निराश होऊ नये. तो फ्लेक्स बघा. कार्यक्रम संपला, वाऱ्यानं बांबू पडले, आणि आठवड्यात तो कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर पसरलेला दिसला. अवकाळी पाऊस आला तेव्हा खालचा कडबा कोरडा राहिला. हात जोडलेले साहेब गंजीवर उताणे पडून आभाळाकडे बघत होते, आणि शेतकऱ्याच्या इतक्या उपयोगी ते आधी कधी पडल्याचं आठवत नाही. हा फ्लेक्स पुढच्या वर्षी सोयाबीनच्या ढिगावर, त्याच्या पुढच्या वर्षी शेळ्यांच्या छपरावर जातो. वस्तू फेकू नये, पुन्हा वापरावी, असा धडा शहरातल्या शाळांत शिकवतात. इथे त्यासाठी निवडणूक पुरते.

राहिला देव. आहाराच्या बाबतीत देवाशिवाय कुणाचंच चालत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा लातूरच्या एका दुकानात चकचकीत पाकिटातलं ज्वारीचं पीठ बघून एका आजींनी विचारलं होतं, 'ह्येला काय झालंय?' त्यांच्या आयुष्यात ज्वारी पोत्यात, पेवात आणि ताटात बघितलेली. पाकिटात बघितली की दवाखान्यातली वाटते. आपल्या काळ्या जमिनीत रब्बीची मालदांडी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते, वरून पाणी फारसं मागत नाही, दाणा माणसाला आणि कडबा जनावराला देते. शाश्वत शेतीवर बोलायला येणारे पाहुणे जे पाऊण तास सांगतात ते एवढंच. पण काढणीला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला कुणी बसत नाही, म्हणून ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि भाकरीच्या जागी गव्हाची पोळी प्रतिष्ठित झाली. आता तीच ज्वारी डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात. शहरातले लोक पैसे भरून हुरडा खायला येतात, गोवऱ्यांच्या धुरात फोटो काढतात, आणि जाताना मालकाला 'तुम्ही किती नशीबवान' म्हणतात. मालक तेव्हा मुलासाठी पुण्यात खोली बघत असतो.

अशा वेळी साधकानं वेळ अमावस्येचा आधार घ्यावा. येळवस म्हणजे लातूर-धाराशिवकडची खास गोष्ट. प्रशासन स्थानिक सुट्टी देतं, लातूरच्या बाजारपेठेत दुपारी शुकशुकाट होतो आणि अख्खा जिल्हा रानात. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून पुजलेले दगड, आणि पुढे जेवण : ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि भज्जी. या भज्जीत रानात जे जे कोवळं आहे ते सगळं पडतं : तूर, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या, चिंच, बेसन. आंबवलेलं पेय, भरडधान्य, चार-पाच शेंगा-डाळी, हंगामी भाज्या, पायी चालणं, ऊन, आणि दिवसभर टीव्ही नाही. कुठल्याही आहारतज्ज्ञाचा तक्ता याहून पुढे जात नाही. फक्त तक्त्यात प्रमाण लिहिलेलं असतं, आणि येळवशीला प्रमाण ठरवायचा अधिकार वाढणाऱ्या मावशीकडे असतो. साधकानं ताटावर हात आडवा धरून 'बस, मावशी' म्हणू नये. हाताच्या वरून वाढलं जातं.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न : सुरुवात कधी करावी? १ जानेवारी चालत नाही, हुरड्याचे दिवस असतात. फेब्रुवारीत महाशिवरात्र, लातूरला सिद्धेश्वराची जत्रा. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, म्हणजे घरात सगळ्यांचंच पथ्य बिघडतं. एप्रिल-मे लग्नसराई आणि आमरस. जूनमध्ये पेरणी, तेव्हा कुणाला फुरसत? श्रावणात उपवास, म्हणजे एरवीपेक्षा दुप्पट खाणं. मग गौरी-गणपती, नवरात्र, सोयाबीनची काढणी, दिवाळी. डिसेंबरात गाळप आणि येळवस. असं नीट बघितलं तर एकच तारीख मोकळी सापडते, २९ फेब्रुवारी. पुढची २०२८ मध्ये येते. त्या दिवशी वार मंगळवार निघतो. मंगळवार तुळजापूरच्या आईचा, कितीतरी घरांत उपवास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाटा, वर शेंगदाण्याचं कूट आणि तूप. म्हणून बुधवार, १ मार्च २०२८ ही तारीख नक्की करावी. वहीत लिहून ठेवावी, आणि तोपर्यंत कुणी विचारलंच तर थोडं बीपी आहे म्हणून सांगावं.