आईची पटाशी

आमच्या घरात खिळा ठोकायचा असला की बाबा आईला हाक मारत. आईचं माहेर सुताराचं, देवरुखकडचं. आजोबांनी मुलग्यांच्या हाती हत्यारं दिली आणि मुलीच्या हाती केरसुणी. ती भुसा झाडता झाडता सगळं शिकून बसली. मामा मुंबईला बँकेत चिकटले, त्यामुळे वाकस, करवत, रंधे, गुण्या अशी अख्खी पेटी आईबरोबर रत्नागिरीला आली. बाबा त्या पेटीला सासऱ्यांइतकाच मान देतात, म्हणजे लांबूनच.

आई शाळेत गणित शिकवायची. वर्गात सेंटिमीटर, ओसरीवर सूत. १९५६ साली कायदा करून देशाने मेट्रिक मापं घेतली खरी, पण तो कायदा आमच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून उभाच राहिला असावा. “अर्धा सूत जास्त झालंय,” ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची. इंचाचे आठ सूत. अर्धा म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. तो तिला चष्म्याशिवाय दिसे. माझ्या बोटाचं रक्त मात्र ती चष्मा लावून शोधायची आणि “कुठाय?” म्हणायची.

पावसाळ्यात तिचा खरा अधिकार चाले. जूनमध्ये दारं फुगतात आणि अख्खी आळी आपापल्या दाराला खांदा लावते. बाबांनी एकदा रंध्याकडे नुसतं पाहिलं. “हात लावू नका! लाकूड रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात परत आकसतं.” शेजाऱ्यांनी ऐकलं नाही, जुलैतच दार तासून घेतलं. मे महिन्यात त्यांच्याकडे मांजर दार न उघडता येऊ-जाऊ लागलं. फणसाच्या पाटाखालच्या आडव्या पट्ट्याही ती फेव्हिकॉलने चिकटवू देत नसे, खाचेत सरकवायच्या. “फळीला हलायला जागा ठेव, नाहीतर तडकेल.” हे सांगताना ती बाबांकडे का बघायची, ते मी विचारलं नाही.

मला मात्र किती तरी महिने पाट नाही, पट्टी नाही, फक्त धार. पटाशीची उतरण २५ अंशांच्या आसपास धरायची, दगडावर पाणी सोडायचं आणि घासत राहायचं. धार लागली की नाही हे बघायची सुतारांची जुनी रीत अशी की पटाशी हातावरून अलगद फिरवायची. केस उडाले तर पास. उजव्या हातात पटाशी, म्हणून परीक्षा डाव्या हाताची. कोपरापासून मनगटापर्यंत माझा डावा हात तुकतुकीत झाला. उजवा होता तसाच, बापाच्या वळणावर गेलेला.

पुढे चिपळूणला मुलगी बघायला गेलो. पोह्यांची बशी घ्यायला मी नेमका डावा हात पुढे केला. मुलीच्या आत्याने तो पाहिला, मग उजवा पाहिला आणि आवाज खाली आणून आईला विचारलं, “काही औषध चालू आहे का?”

“छे हो, धार बघतो तो,” आई म्हणाली.

खोलीत कोणी पोहे चावेना. मुलीचे वडील उठून आत गेले. आता आपल्या चपला बाहेर येणार असं मला वाटलं, पण ते विळी घेऊन आले. “बघता का जरा? कोथिंबीरसुद्धा कापत नाही हो.”

आईच्या पर्समध्ये दगड होताच. तिने विळीचं पातं सोडवलं, मला घासायला लावलं, आणि मग सगळ्यांदेखत धार माझ्या उजव्या हातावर तपासली. डाव्यावर काही शिल्लकच नव्हतं.