एकादशीचा कडक उपवास

एकादशीला अन्न वर्ज्य, म्हणून आपण साबुदाण्याची खिचडी खातो. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी, आणि त्या जवळजवळ साऱ्या पिष्टाच्या. त्यावर तूप, बटाटा, दाण्याचं कूट. तोंडी लावायला वडे, शेवटी रताळ्याचा कीस. पोटाला तेवढीच विश्रांती! साबुदाणा ज्या कंदाचा तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. ती उपवासाला चालतात. हजारो वर्षं इथंच पिकणारा तांदूळ मात्र बाटतो. दुसऱ्या दिवशी वजनकाटा नास्तिक निघतो आणि सून डाएटिशियनची वेळ घेते. खरा संयम साधायचा असेल, तर एकादशीला गुपचूप वाटीभर वरणभात खावा.