पाहिजेत : अनाथ

ठाकुर्लीच्या मध्यमवर्गाची बढती झाली आहे. कालपर्यंत गोरे पाहुणे येऊन आपल्या गरिबीचे फोटो काढायचे, आता आपण पासपोर्ट काढून दुसऱ्यांच्या गरिबीचे फोटो काढायला निघालो. नव्वद फुटी रोडच्या टॉवरांतून सुट्टीत मामाच्या गावाला जायची पद्धत मोडली. चिरंजीव हल्ली कंबोडियाला जातात. दोन आठवडे. अनाथ मुलांना इंग्रजी शिकवायला!

चिरंजीवांना घरी स्वतःचा ओला टॉवेल वाळत घालायला तीनदा सांगावं लागतं. इंग्रजीसाठी त्यांनाच डोंबिवलीत क्लास लावलेला आहे. पण विमानतळ ओलांडला की ते ‘सर’ होतात. पहिल्या दिवशी ए फॉर ॲपल, चौथ्या दिवशी फुगे, दहाव्या दिवशी नाच आणि निघताना गळ्यात पडून रडारड. सोमवारी पुढची तुकडी येते आणि पुन्हा ए फॉर ॲपल. तिथल्या एखाद्या पोराला सफरचंद चाळीस देशांच्या उच्चारात म्हणता येत असेल, पण झेडपर्यंत त्याला नेणारा अजून भेटलेला नाही. आईबाबा मात्र खूश. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एक परिच्छेद लिहायचा राहिला होता, तो एकदाचा झाला.

मागणी तसा पुरवठा, हे आपल्या व्यापारी पेठांना कुणी शिकवायला नको. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली. एवढी पोरं अनाथ व्हावीत असं त्या काळात ना युद्ध झालं ना साथ आली. पर्यटक तेवढे वाढले. आणि त्या ‘अनाथांपैकी’ तीन-चतुर्थांशाहून अधिकांची आई किंवा बाप हयात होता. नेपाळात तर आणखी मौज. तिथे तेव्हा 75 जिल्हे होते, पण जवळपास 90 टक्के अनाथालयं पाचच जिल्ह्यांत : काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. कास्की म्हणजे पोखराचा तलाव, चितवन म्हणजे गेंडे. नेपाळी बालकं अनाथ होतानासुद्धा टूर कंपनीचा नकाशा बघून होतात, असं दिसतं.

हे घडतं कसं, ते बघा. नेपाळच्या हुमलासारख्या दुर्गम पहाडी जिल्ह्यात दलाल जातो. पोराला शहरात इंग्रजी शाळेत घालतो म्हणतो आणि वर आईबापांकडूनच पैसे घेतो. शहरात पोचेपर्यंत आईबाप कागदावर वारलेले असतात. मग पोर पाहुण्यांपुढे उभं राहतं. गुटगुटीत पोराला बघून कुणाचं पाकीट उघडत नाही, म्हणून काही ठिकाणी मुलं मुद्दाम अर्धपोटी ठेवली गेली. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथालय भरण्यासाठी होणारी ही मुलांची तस्करी गुलामगिरीतच धरली. म्हणजे चिरंजीवांनी जी फी भरली (नाश्ता, निवास, अश्रू सगळं धरून), तिच्यातून कुणाचं तरी घर मोडायचा खर्च निघाला. पावतीवर अर्थात ‘देणगी’ असंच लिहिलेलं असतं.

आता उलटा विचार करा. बेल्जियमचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा, शिक्षण अर्धवट, मराठीचं अक्षर येत नाही, उद्या आपल्या सोसायटीच्या पाळणाघरात आला आणि म्हणाला, ‘मी दोन आठवडे तुमच्या मुलांना मांडीवर घेतो.’ दूधवाल्याचंही पोलीस व्हेरिफिकेशन मागणारी आपली कमिटी! तो पोरगा गेटवरच्या रजिस्टरात सही करेपर्यंत सेक्रेटरी खाली उतरलेले असतील.

आणि फोटोचं काय? आपल्याकडे बाल न्याय कायदा, 2015 मध्ये कलम 74 आहे. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो छापला की सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परदेशात फोटो पॅकेजमध्येच. त्यामुळे समाजसेवेला कंबोडिया सोयीचा पडतो.

परक्या देशात मदतीला जाऊच नये असं कोण म्हणतं? 1934 साली बिहारात भूकंप झाला, तेव्हा पिअर सेरेसोल हा स्विस गृहस्थ आला. पन्नाशी उलटलेला, शिकलेला इंजिनिअर. मोजक्या सोबत्यांना घेऊन मुझफ्फरपूरच्या बाजूला गावं उभी करायच्या कामाला भिडला आणि 1937 पर्यंत येत राहिला. त्याला घर बांधायचं कळत होतं आणि तिथे घरंच पडली होती. एवढा साधा मेळ जमला की देश कुठला याला महत्त्व उरत नाही. आपल्या चिरंजीवांना जे येतं ते, म्हणजे रील बनवणं, तिथे कुणाचं अडलेलं नाही.

ठाकुर्लीच्या पुढचं स्टेशन कल्याण. लांब पल्ल्याच्या गाड्यांतून घर सोडून पळालेली पोरं तिथे उतरतात. कुणी बापाच्या माराला कंटाळून, कुणी मुंबई बघायला. ठाण्याची समतोल फाउंडेशन अशा पोरांना फलाटावर गाठते, कल्याण तालुक्यातल्या मामणोलीला दीडेक महिन्याच्या शिबिरात ठेवते आणि घर शोधून आईबापांच्या हवाली करते. पर्यटकांसाठी पोरं घरातून उचलायची तिकडची रीत, इथे बरोब्बर उलटी चालते. काम कंटाळवाणं आहे. पोर आधी नाव खोटं सांगतं, मग गाव खोटं सांगतं, खरं बोलायला दिवस लावतं. आणि काम फत्ते झालं की पोर निघून जातं, गळ्यात पडायला कुणी उरत नाही.

हे सगळं मी एका चिरंजीवांच्या मातोश्रींना सांगितलं. ठाकुर्ली ते कल्याण लोकलचं तिकीट पाच रुपये, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘हो का? तिथे सर्टिफिकेट इंग्रजीत देतात का हो?’’