ट्रॅक सायकलचा, मुक्काम स्कूटरचा

पुण्यात सायकल ट्रॅकला विरोध करणारे दोन प्रकारचे. एक, ज्यांना ट्रॅक नकोच असतो. दुसरे, ज्यांची स्कूटर त्यावर आधीच लागलेली असते. दुसऱ्यांचा विरोध तोंडी नसतो. साइड स्टँडवर असतो.

विषय जुनाच. जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता यांपैकी कुठल्याही रस्त्यावर सायकलला पाच-सहा फूट द्यायचे म्हटलं की शहराला एकदम ट्रॅफिकची काळजी वाटू लागते. एरवी ही काळजी कुठे असते? डबल पार्क करून भेळ खात असते.

महापालिकेला मात्र बोल लावू नका. २०१७ मध्ये तिनं सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. आराखडा उत्तम स्थितीत आहे. त्यावर अजून कुणी गाडी लावलेली नाही.

ट्रॅकचं तसं नाही. बीआरटीच्या बसमार्गांबरोबर कडेनं जे ट्रॅक आले, त्यांवर एकदा जाऊन या. लाल रंग जिथं उरलाय तिथून सुरुवात करा. थोडं पुढं विजेचा डीपी. त्याला वळसा घातला की रसाची गाडी. मग झाड, मग सोसायटीचा उतार, मग तीन पेव्हर ब्लॉक बेपत्ता. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, सायकल उचलायची, पुन्हा बसायचं. वाट सायकल चालवायला दिलीय की वाहायला?

आणि मग विचारायचं, ‘पण सायकल चालवतंय कोण?’

पहाटे पेपर टाकणारा चालवतो. साइटवर जाणारा गवंडी चालवतो. रात्रपाळी करून परतणारा वॉचमन चालवतो, हँडलला डबा अडकवून. पण हे लोक हरकती-सूचना पाठवत नाहीत, त्यामुळे मोजले जात नाहीत. ज्याला सायकलशिवाय दुसरं वाहन नाही तो गरीब. ज्याची सायकल मोटारीच्या टपावरून फिरायला जाते तो सायकलप्रेमी.

चर्चेला अर्थातच दुसऱ्याला बोलावतात.

तिथं एक काका हमखास असतात. ‘आमच्या वेळी सगळं पुणं सायकलवर होतं हो! डबलसीट दिसलं की पोलीस पकडायचा, दिवा नसला की पकडायचा.’ खरंय, काका. तेव्हा सायकलच्या दिव्यासाठी शिट्टी वाजायची. आता नो एंट्रीतून आलेली स्कूटर आपल्यालाच हॉर्न देते. आणि काका स्वतः चर्चेला कशानं आले? ते विचारायचं नसतं. २०१८ मध्ये पुण्यातल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्याही पुढे गेली, तीत काकांच्या घरचा वाटा तीन-चारांचा तरी असणार.

भाड्याच्या सायकलीही आल्या होत्या, आठवतंय? २०१७ च्या अखेरीस विद्यापीठात आणि औंधात थाटात आल्या. मोबाइलवर कुलूप उघडायचं, बसायचं. पुणेकरांनी कुलूप मोबाइलशिवायही उघडून दाखवलं. दोन-तीन वर्षांत कंपन्या गुंडाळून गेल्या.

सायकलसाठी या शहरात चांगला रस्ता होतच नाही, असं म्हणायचीही आता सोय नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय शर्यत, देशोदेशीचे सायकलपटू. त्यांच्या वाटेवरचे रस्ते कसे झाले? गुळगुळीत! म्हणजे जमतं. फक्त सायकलस्वार पाहुणा हवा.

मुंबईनं निदान आडपडदा ठेवला नाही. बीकेसीत २०११ मध्ये ट्रॅक केला, त्यावर गाड्या लागल्या, आणि २०२५ मध्ये ठरलं की ट्रॅकच काढू आणि रस्ता रुंद करू. गाड्यांनी जागा बळकावली, म्हणून शिक्षा ट्रॅकला.

‘परदेशात बघा’ म्हणणाऱ्यांनी टोरांटो बघावं. ब्लोर, यंग आणि युनिव्हर्सिटी या भर शहरातल्या रस्त्यांवरच्या सायकल मार्गिका उखडण्यासाठी ऑन्टारिओ सरकारनं २०२४ मध्ये थेट कायदा केला. सायकलस्वारांच्या जिवाशी खेळ होईल म्हणून न्यायालयानं २०२५ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. एवढा खटाटोप! आपल्याकडे कायदा लागत नाही, कोर्ट लागत नाही. एक पावसाळा पुरतो.

तर मूळ मुद्दा. भांडण सायकलचं नाहीच. भांडण फुकट पार्किंगचं आहे.

पुरावा हवा? २०१८ मध्ये पुण्यात पार्किंगला पैसे घ्यायचं धोरण आलं. ते भांडण सायकल ट्रॅकवरून नव्हतं, तरी गदारोळ तोच. शेवटी धोरण पाच रस्त्यांपुरतं आखडलं आणि ते पाचही पुढे वर्षानुवर्षं फुकटच राहिले. शहरातल्या सर्वांत महागड्या जमिनीवर अख्खा दिवस गाडी ठेवायला शून्य रुपये. दुकानात चहाचेही यापेक्षा जास्त होतात.

यावर व्यापाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं. ‘दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, धंदा बसेल.’ धंद्याची गोष्ट आहे, हसण्यावारी नेऊ नये. म्हणून एक साधी मोजणी करावी. भर पेठेत सकाळी दुकानं उघडायच्या आधी जावं. शटर अजून खाली असतात, पाट्यांवर दिवे नसतात, नोकर पायरीवर बसून मालकाची वाट बघत असतात. आणि रस्त्याची कडा? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेली. या गाड्या रात्रीच उठतात, दुकानाबरोबर.

दुकान उघडायच्या आधी येणारं आणि बंद होईपर्यंत न हलणारं गिऱ्हाईक ज्यांना लाभलंय, त्यांचा धंदा पाच-सहा फुटांनी बसेल?